वहीचा उजवा रकाना

माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात, एका जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेल्या 27 वह्या आहेत. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याच्या, बहुतेक महाद्वार रोडवर घेतलेल्या. प्रत्येक पानावर पट्टीने दोन उभ्या रेघा ओढून तीन रकाने पाडले आहेत. डाव्या रकान्यात समोरचे माणूस काय बोलले ते, मधल्यात मी काय बोलले ते, आणि उजव्यात हे बोलणे चालू असताना माझ्या मनात काय चालले होते ते. कोणाचेही नाव, गाव किंवा आडनाव त्यात नाही. कौटुंबिक समुपदेशनाचे काम मी 2003 पासून कोल्हापुरात करते आहे आणि या कामातले मला जे काही थोडेफार येते ते याच वह्यांनी शिकवले, त्यातही उजव्या रकान्याने. पहिल्या दोन वह्यांत मात्र हा रकाना जवळजवळ कोरा आहे. जिथे काही लिहिले आहे तिथे "ठीक", "वाईट वाटले" आणि एके ठिकाणी "पाऊस" एवढेच आहे.

समाजकार्याच्या शिक्षणात या लिहिण्याला प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणतात. भेट संपल्यावर त्याच दिवशी, आठवेल तेवढे शब्दशः उतरवायचे. गोषवारा चालत नाही. एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करताना आम्हा सगळ्यांनाच ती एक कटकट वाटे आणि पदवी हातात पडताच मी ती सवय सोडूनही दिली होती. पुढे एका महिला संघटनेच्या केंद्रात कामाला लागल्यावर मी माझ्या जुन्या पर्यवेक्षिकांकडे गेले. त्या निवृत्त होऊन राजारामपुरीत राहत होत्या. महिन्यातले दोन शनिवार त्या मला द्यायला तयार झाल्या, पैशांचा विषय त्यांनी काढू दिला नाही, पण वहीची अट घातली. त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणत असू. "त्यांना धीर दिला" असे मी लिहिले की बाई लाल शाईने शेजारी विचारीत, "कोणत्या शब्दांत?" मग ते शब्द आठवावे लागत, आणि आठवल्यावर लाज वाटे. एका पानावर मी अकरा वेळा "पण" म्हटले आहे. दुसऱ्या एका पानावर समोरच्या बाईचे एक वाक्य आहे आणि त्याला माझी सहा वाक्यांची उत्तरे आहेत. "संसारात थोडंफार चालायचंच" हे वाक्य मी म्हणते यावर माझा विश्वास बसला नसता, पण ते माझ्याच अक्षरात तीन ठिकाणी आहे.

ती वाक्ये कोठून आली हे मला ठाऊक होते. माझे आजोबा पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या गावात बैठकीचा माणूस म्हणून ओळखले जात. भावाभावांत बांधावरून जुंपली, वाटणी अडली किंवा कोणाची लेक माहेरी येऊन बसली, की सोप्यात जाजम अंथरले जाई, दोन्हीकडचे पाहुणे येत, पानाचे तबक फिरे, ऊस आणि पावसापासून सुरू झालेले बोलणे हळूहळू मुद्द्यावर येई आणि दोन-तीन तासांत झाले गेले गंगेला मिळाले म्हणून सगळे उठत. या बैठकीची टिंगल करणे आज सोपे आहे, पण मी ती करणार नाही. तिला पैसे लागत नसत, तारीख लागत नसे, आणि सगळी भावकी साक्षीला असल्यामुळे दिलेला शब्द फिरवताना माणूस दहा वेळा विचार करी. तिच्यात एकच उणीव होती, ती म्हणजे जिच्यासाठी बैठक बसे ती सोप्यात नसे. माझ्या धाकट्या आत्यासाठी बसलेली बैठक मी सात वर्षांची असताना पाहिली. माजघराचे दार लोटलेले होते, आणि त्या दारामागे आत्या रडत बसली असणार हे मी तेव्हापासून धरून चालले होते.

समुपदेशनाकडे वळले तेव्हा नातेवाईक म्हणाले, हिच्या तर रक्तातच आहे. खरोखरच पहिली काही वर्षे मी टेबलखुर्चीवर बसून आजोबांचीच बैठक चालवत होते. जाजम आणि तंबाखू नव्हती, एवढाच फरक.

या वर्षांतली एक नोंद मला अजून पाठ आहे. (इथून पुढे येणाऱ्या सगळ्या माणसांचे तपशील मी ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत.) नवरा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, बायको घरी फॉल-पिको करणारी, घरात सासू. पगार आईच्या हातात जाई आणि बायकोला दोऱ्याच्या रिळासाठीसुद्धा सासूपुढे हात पसरावा लागे. नवरा म्हणाला, "माझा मृदंग झालाय मॅडम, दोन्हीकडून थापा." मला त्याची दया आली. मी त्या बाईंना म्हणाले, "त्या आता किती दिवसांच्या आहेत? थोडं सांभाळून घ्या." त्या म्हणाल्या, "व्हय, बरोबर आहे तुमचं." त्या पुन्हा आल्या नाहीत. आपल्याकडे "बरोबर आहे तुमचं" हे दार लावून घेण्याचे सर्वांत सभ्य वाक्य आहे, हे मला तेव्हा कळत नव्हते. उलट भेट चांगली झाली असे मी वहीत लिहिले होते. चार महिन्यांनी त्या कपिलतीर्थ मंडईत समोर आल्या, "बरं चाललंय मॅडम" म्हणाल्या आणि मेथीची जुडी निवडू लागल्या.

बाईंनी ते पान पाहिले आणि कोऱ्या उजव्या रकान्यावर बोट ठेवले. चहा होईपर्यंत तो भरायचा असे त्यांनी सांगितले. मी लिहायला बसले तेव्हा आठ ओळी झरझर उतरल्या आणि आठही ओळी माझ्या स्वतःच्या सासूबाईंविषयी होत्या. त्यांना त्या वर्षी अर्धांगवायू झाला होता, मी रजा काढून त्यांचे सगळे करत होते, आणि त्याचे घरात कोणी कौतुक केले नव्हते. मी केले तर हिने का करू नये, असा तो सगळा मजकूर होता. बाईंनी वाचून वही मिटली आणि विचारले, "त्या दिवशी खोलीत सासवा किती होत्या?"

मरे बोवेन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी कुटुंबाच्या अभ्यासात त्रिकोणाला मध्यवर्ती स्थान दिले. दोन माणसांमधला ताण त्या दोघांना पेलेनासा झाला की तिसरे माणूस आत ओढले जाते आणि तात्पुरते हायसे वाटते. हा तिसरा म्हणजे सासू, मूल, दीर, कधी दारू. मी हे परीक्षेत लिहून गुण मिळवले होते, पण समुपदेशक खोलीत शिरला की पहिल्या दहा मिनिटांत त्यालाही याच जागी बसवण्याचा प्रयत्न होतो, हे मला त्या आठ ओळींनी समजावले. आपण कोणाकडे झुकतो आहोत हे समजण्यासाठी आधी आपण झुकतो हे मान्य करावे लागते. मला नोकरदार, मितभाषी नवऱ्यांचा कळवळा येतो आणि मोठ्याने बोलणाऱ्या आयांचा राग येतो, हे आज मी आधीच जाणून असते. हे झुकणे गेले आहे असे मी म्हणणार नाही. फक्त ते येताना मला पावले ऐकू येतात, आणि तेवढ्यात मी एक प्रश्न जास्त विचारून घेते.

प्रश्न विचारण्याचे कौशल्य हा स्वतंत्र अभ्यास आहे. इटलीतल्या कुटुंबोपचारकांच्या मिलान गटाने जे चक्राकार प्रश्न प्रचारात आणले त्यांत एका माणसाला दुसऱ्या दोघांमधल्या नात्याविषयी विचारले जाते. ते पुस्तकात वाचताना अवघड वाटतात, पण मराठीत ते फार सहज उतरतात. "तुम्हाला राग का येतो?" असे विचारले की माणूस खुलासा देऊ लागतो. "वहिनी गप्प झाल्या की घरात सगळ्यांत आधी कोणाच्या लक्षात येतं?" असे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात, आणि बहुतेक वेळा उत्तर आठ-नऊ वर्षांचे एखादे पोर असते. वंशवृक्षासारखा जो आराखडा आम्ही काढतो, पुरुषांसाठी चौकोन आणि स्त्रियांसाठी वर्तुळ, त्याचाही असाच उपयोग होतो. तीन पिढ्या एका कागदावर मांडल्या की सासूसुद्धा एका कोपऱ्यात सून म्हणून दिसू लागते. इथे भावकी लांबपर्यंत मोजतात, त्यामुळे कागद मात्र मोठा घ्यावा लागतो.

माणसेही मोठ्या संख्येने येतात. दोघांना बोलावले तर मामा, चुलते, गल्लीतला एखादा कार्यकर्ता आणि "मी नुसता गाडी घेऊन आलोय" म्हणणारा एक शेजारी असे सात-आठ जण येतात. सुरुवातीला मी त्यांना सरळ बाहेर बसवत असे आणि मग ते बाहेर बसूनच माझी केस बिघडवत. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावत असत. त्याविषयी वाचल्यावर मला वाटले की आपल्याकडे नातेवाईक हाकलून काम होत नाही, त्यांची जागा ठरवून द्यावी लागते. आता मी पहिली वीस मिनिटे सगळ्यांना देते. उसाला तोड आली का, पंचगंगेचे पाणी कुठवर आले, लेकराची शाळा कोणती. कुटुंबोपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन यांनी कुटुंबात शिरकाव करून घेण्याला उपचाराची पहिली पायरी मानले आहे, आणि आजोबा तेच जाजमावर बसून करत होते हे मला त्यांचे लेखन वाचताना जाणवले. त्यानंतर मात्र मी मामांना हात जोडून बाहेरच्या बाकावर पाठवते आणि ते जातात, कारण आधी त्यांचे ऐकून घेतलेले असते.

मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते भाषेकडून. मराठीत "आम्ही" आणि "आपण" हे दोन वेगळे शब्द आहेत. "आम्ही" म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो आणि "आपण" म्हणताना तो आत येतो. नवरा-बायको शेजारी बसून बोलत असताना हे दोन शब्द कोण किती वेळा वापरते हे मी डाव्या रकान्यात खुणा करून ठेवते. लग्नाला अकरा वर्षे झालेला एक गृहस्थ बायकोकडे पाहून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आमच्या घरात असं चालत नाही." मी विचारले, "आमच्या म्हणजे कोणाकोणाच्या?" त्याने बोटांवर नावे मोजली, आई, दादा, धाकटा, मी, आणि त्यात बायको नव्हती हे त्याच्या आधी तिच्या लक्षात आले. ती रडली नाही. "मला म्हैती होतं," एवढेच म्हणाली. त्या दिवशी पुढे फारसे काही बोलणे झाले नाही, आणि मी ते होऊ दिले नाही याचे श्रेय मला घेऊ द्यावे, कारण त्या शांततेत काहीतरी बोलून टाकण्याची माझी फार इच्छा होती. तशी ती उजव्या रकान्यात लिहिलेलीही आहे.

या खुणांचा कायदा करता येत नाही, हेही सांगायला हवे. कोल्हापुरात कितीतरी माणसे "मी" ऐवजी सहजच "आम्ही" म्हणतात, त्यामुळे आधी त्या माणसाची बोलण्याची रीत ओळखावी लागते. इथल्या पुष्कळ बायका "मी आलो", "मी गेलो" असे बोलतात. काही वर्षांपूर्वी पुण्याकडची एक विद्यार्थिनी माझ्याकडे प्रशिक्षणासाठी आली होती. तिने आपल्या नोंदींत सगळीकडे "मी गेले", "मी म्हणाले" असे सुधारून लिहिले होते. मी तिला पाने पुन्हा लिहायला सांगितली. त्यातली एक बाई माझ्याशी बोलताना "मी आलो" म्हणे आणि नवऱ्याच्या वकिलांसमोर "मी आले, मी सांगितले" असे शाळेतले मराठी बोलू लागे. तिची भीती त्या क्रियापदातून कळत होती, आणि शुद्धलेखनाने नेमकी तीच पुसून टाकली होती.

एक विषय असा आहे की तिथे झुकणे ही चूक नाही. घरात मारहाण असेल तर दोघांचे सारखेच ऐकून घेणे म्हणजे मारणाऱ्याच्या बाजूने बसणे होय. मी काम सुरू केले तेव्हा कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा यायचा होता. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याच्या कलम 14 खाली दंडाधिकारी दोघांना, एकेकट्याला किंवा मिळून, समुपदेशनाला पाठवू शकतात. 2006 च्या नियमांत असे स्पष्ट आहे की झालेल्या हिंसेचे कोणतेही समर्थन समुपदेशनात मांडता येणार नाही. "तिने उलट उत्तर दिले म्हणून" हे वाक्य तिथे थांबवायचे असते. आधीच्या वह्यांत मी ते थांबवलेले नाही, पूर्ण ऐकून घेतले आहे, आणि त्यावर मान डोलावली असणार. आता मी पहिल्या भेटीत बाईला एकटीला भेटते आणि "त्रास होतो का?" असे न विचारता "हात शेवटचा कधी उचलला गेला?" असे विचारते. "त्रास" या शब्दात आपल्याकडे सगळेच मावते आणि काहीच सापडत नाही. धोका दिसला तर दोघांना एकत्र बसवणे बंद होते आणि संरक्षण अधिकारी, वैद्यकीय तपासणी, राहण्याची सोय हे काम सुरू होते. राजर्षी शाहू महाराजांनी 1919 साली कोल्हापूर संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता. आमचे गाव त्याच संस्थानातले, पण आजोबांच्या जाजमावर त्या कायद्याचे नाव निघालेले मला कधी आठवत नाही.

न्यायालयाशी संबंध येतो तेव्हा वेगळीच कसोटी लागते. 1984 च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाचे कलम 9 न्यायालयावर आधी तडजोडीचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकते, आणि हे योग्यच आहे. मात्र त्यातून समुपदेशकाचे यश "किती संसार जुळवले" या एकाच आकड्यात मोजण्याची सवय सगळीकडे पडली आहे, आणि मला ती घातक वाटते. वर्षअखेरीच्या अहवालात तो आकडा मीही अभिमानाने लिहिला आहे. "नांदायला गेली" असा शेरा मारला की फाइल बंद होई. सहा महिन्यांनी ती तिथे कशी आहे हे विचारणारा रकाना त्या छापील तक्त्यात नव्हता. नीट वेगळे होण्यालाही कौशल्य लागते. परस्पर संमतीच्या घटस्फोटात अर्ज केल्यावर सहा महिने थांबण्याची जी तरतूद आहे ती सरसकट बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले. परंतु मुले लहान असतील तर तो काळ मला हवासा वाटतो. शाळेची फी कोण भरणार यावर तेव्हा कसेबसे एकमत होते, पण गणपतीला मुलगा कोणाकडे असेल हे ठरवताना चार-चार भेटी जातात.

तरुण मुले-मुली विचारतात, मॅडम, कोणता कोर्स करू? शनिवार-रविवारच्या कार्यशाळा आता खूप झाल्या आहेत आणि त्यांचे प्रमाणपत्र छान लॅमिनेट करून मिळते. माझे मत थोडे कडू आहे. दोन दिवसांत सल्ला देण्याचा आत्मविश्वास वाढतो, आणि तो आपल्या लोकांत आधीच भरपूर असतो. मानसशास्त्राची किंवा समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, कायद्याची तोंडओळख, आणि गंभीर मानसिक आजार किंवा आत्महत्येचा विचार दिसताच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्याइतकी समज, हा पाया झाला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1957 साली एका निबंधात उपचारातून बदल घडण्यासाठी काय काय लागते हे मांडले. समोरच्याचा विनाअट स्वीकार, त्याच्या जागी जाऊन समजून घेणे, आणि स्वतःचे आतबाहेर एक असणे या त्यातल्या गाजलेल्या गोष्टी. यातल्या तिसऱ्या गोष्टीचा सराव वर्गात होत नाही. तो करायला कोणीतरी आपले कच्चे पान वाचणारे लागते. बाई गेल्या त्याला आता सहा वर्षे झाली. आम्ही पाच जणी महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमतो आणि एकमेकींना वही वाचून दाखवतो. उजवा रकाना वाचताना आजही प्रत्येकीचा आवाज थोडा खाली जातो.

गेल्या दिवाळीत आत्याकडे गेले होते. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, नवरा जाऊनही बराच काळ लोटला. दुपारी दोघीच होतो. इतक्या वर्षांत मी शेकडो बायकांना प्रश्न विचारले होते आणि हिला एकदाही काही विचारले नव्हते. मी म्हणाले, "आत्या, त्या बैठकीच्या दिवशी तू माजघरात होतीस. तुला सोप्यात बोलावलं असतं तर काय सांगणार होतीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "मी कुठली माजघरात? चहाला साखर संपल्ती, पाव्हण्यांना गुळाचा कसा द्यायचा, म्हणून मला दुकानाकडं लावून दिल्तं. परत आलो तर ट्रंक भरून सोप्यात ठेवल्याली."

मग ती उठली, आत जाऊन चहाचे आधण ठेवले आणि तिथूनच मला विचारले की साखर किती घालू.